झाकली मूठ

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे 'सूचनाफलक' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचा राग येत नसे. पंचवीसेक वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता, आणि ज्या इमारतीत जाई तिथे कामाबरोबर एखादी पाटी लावून येई. 'दारात हात घालू नये.' 'सामान दाराला टेकवू नये.' 'चार माणसं म्हणजे चारच माणसं.' ही शेवटची भाषा त्याची स्वतःची. अक्षर सुरेख होतं, त्यामुळे लोक पाट्या वाचतही.

या वेडाला कारण होतं. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याच्या डोळ्यांदेखत एका सोबत्याची तीन बोटं गेली होती. मोटरच्या बटणाला 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवलेली होती. तिसऱ्याच कुणीतरी ती न वाचता बटण दाबलं. तेव्हापासून त्याच्या मनानं पक्कं धरलं होतं की कुठलीही सूचना उगाच लिहिलेली नसते. तिच्यामागे कुणाचा तरी हात, कुणाचा तरी पाय गेलेला असतो. वाचणाऱ्यानं फाटे न फोडता ऐकावं.

लिफ्टच्या बाबतीत हे बरोबरच होतं. पण त्यानं ते घरी आणलं.

घरात तो आणि बायको, दोघंच. मूलबाळ नव्हतं. मग बायकोची आई गेली, आणि पाठोपाठ तिच्या वडिलांना छातीत कळ येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून ते परत आले ते लेकीच्याच घरी. अप्पा म्हणत सगळे त्यांना. चाळीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभे राहिलेले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरे डाग, आवाज मोठा, आणि बोलणं असं की समोरचा हसल्याशिवाय राहू नये. अंडी फोडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दोन्ही हातांत एकेक अंडं घेऊन एकदम फोडायचे आणि टरफलाचा कण पिठात पडू द्यायचे नाहीत. जावयाच्या घरी राहणं त्यांना जड जात होतं हे उघड होतं. पण ते त्याचीही थट्टा करत. "जावईबापू," ते म्हणत, "लेक दिली तेव्हा वाटलं नव्हतं हो, की मागोमाग बापही पाठवावा लागेल."

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिगारेट बंद, रोज चालायचं, खाणं बेतानं. अप्पा दारातून परत फिरले होते. "आणि अंडं?"

"खा की एखादं," डॉक्टर म्हणाले. "मात्र टोपलीभर नको."

तो शेजारीच उभा होता. त्यानं हे ऐकलं, आणि त्याला ते अजिबात पटलं नाही. बेतानं म्हणजे किती? लिफ्टमध्ये 'बेतानं माणसं घ्या' अशी पाटी कुणी लावतं का?

वर्तमानपत्रात मात्र आकडे असत. दर मंगळवारी आरोग्याचं पान येई, आणि त्यात किती ग्रॅम, किती पावलं, किती पेले, सगळं स्वच्छ छापलेलं. तो ते कात्रीनं कापून फ्रीजच्या दारावर लावू लागला. 'अंडं : हृदयाचा छुपा शत्रू' हे कात्रण सगळ्यात वर होतं. त्याखाली मीठ, त्याखाली लोणी, मग कॉफी. टीव्हीवर कुणी काही सांगितलं तर तेही स्वतःच्या अक्षरात लिहून डकवी. अप्पांचं ताट त्या दारावरून ठरू लागलं. अंडं बंद, लोणी बंद, मीठ चिमटीएवढं.

गंमत अशी की ती कात्रणं एकमेकांना धरून नसत. कॉफी मार्चमध्ये वाईट होती, जूनमध्ये चांगली झाली, दिवाळखोर माणसाच्या शब्दासारखी सप्टेंबरमध्ये पुन्हा फिरली. एका आठवड्यात चालणं सकाळीच करायचं होतं, पुढच्या आठवड्यात सकाळीच करायचं नव्हतं. तो इमानदारीनं जुनं काढी, नवं लावी. अप्पा सकाळी उठून फ्रीजपुढे उभे राहत आणि लेकीला हाक मारत, "अगं, बघ गं, आज मला काय चालतंय? की आजपासून पाणीही बंद?"

बायको हसायची. तो नाही हसायचा. त्याला वाटे, आपण या माणसाला जपतोय, आणि यांना त्याची किंमत नाही.

मग तो रविवार आला. त्याच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं फोरमनला आणि बरोबरच्या चौघांना घरी जेवायला बोलावलं होतं. फोरमन घरी येणार म्हणजे मोठीच गोष्ट. बायको पहाटेपासून राबत होती. पाहुण्यांसाठी तिनं डझनभर अंडी उकडून, सोलून, एका पसरट भांड्यात मांडून ठेवली होती. अर्धी अर्धी कापून बटाट्यांवर लावायची होती. अप्पांसाठी वेगळं सूप होतं, बिनलोण्याचं.

पाहुणे बसले. गप्पा सुरू झाल्या. तो आतून पाण्याचा जग घेऊन येत होता, तेव्हा भांड्याकडे नजर गेली. अकरा.

त्यानं बाहेर पाहिलं. अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांची उजवी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती. फोरमन त्यांना बेकरीबद्दल काहीतरी विचारत होता, आणि अप्पा डाव्या हातानं हातवारे करून सांगत होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कुणीही शहाण्या माणसानं ती झाकलेलीच राहू दिली असती. तो जग टेबलावर ठेवून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"अप्पा, हात उघडा."

अप्पांचं बोलणं अर्ध्यात थांबलं. ते वर बघून हसले. "राहू द्या हो, जावईबापू."

"उघडा म्हणतोय ना."

खोलीतले सगळे आता इकडेच बघत होते. अप्पांनी हात उघडला नाही. मग तो वाकला, त्यांचं मनगट धरलं, आणि एकेक बोट करून त्यानं ती मूठ उघडली. करंगळी, अनामिका, मधलं बोट. वर्षानुवर्षं पीठ मळलेला तो हात होता. त्यांनी मनात आणलं असतं तर याच्या बापाच्यानं उघडला नसता. पण त्यांनी जोर लावला नाही. तळव्यात अंडं चुरगळलेलं होतं, आणि पिवळा चुरा बोटांच्या बेचक्यांत भरला होता.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण फोरमन बघत होता, आणि आपण किती काळजी घेतो हे त्यालाही कळावं असं कुठेतरी वाटलं असावं. तो म्हणाला, "चोरी करायची, आणि तीही जावयाच्या घरात?"

चौघांतला एक होता, सगळे त्याला जाड्या म्हणत. तो खो खो हसला. मग बाकीचेही हसले. वाईट मनानं नाही. लोक हसतात तसे.

अप्पा म्हणाले, "हो. चुकलं माझं." उठून मोरीवर गेले, हात धुतला, आणि परत येऊन सूप प्याले.

त्या दिवसानंतर अप्पांनी पुन्हा कधी काही मागितलं नाही. ताटात येईल ते खाल्लं. फ्रीजपुढे उभे राहणं बंद झालं, लेकीला हाका मारणं बंद झालं, 'जावईबापू' हा शब्दही गेला. काही हवं असलं तर ते लेकीमार्फत सांगत, आणि हवं असं फारसं काही नसेच. घर शांत झालं. त्याला वाटलं, सुधारले. फोरमनला तो एकदा म्हणालासुद्धा, "सुरुवातीला जरा कडक व्हावं लागतं, मग वळण लागतं."

अकरा महिन्यांनी थंडीत अप्पांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. हृदय शेवटपर्यंत ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं जपलंत तुम्ही." त्यानं ते अभिमानानं चार लोकांना सांगितलं.

पुढे दीड वर्षानं एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत जाड्यानं पेपर उघडला आणि ओरडला, "ऐका! अंडं निर्दोष सुटलं!"

पान तेच होतं, चौकट तीच. रोज एक अंडं खाल्ल्यानं बहुतेकांना काही होत नाही, पूर्वीची भीती जरा जास्तच होती, असं तज्ज्ञांचं आताचं मत. जेवणाच्या खोलीत एकच गलका उठला. प्रत्येकाची काहीतरी तक्रार होती. एकानं दहा वर्षं लोणी सोडलं होतं. एकाच्या आईनं गोळ्यांसारखी कडू पानं गिळली होती, आणि मग त्याच पेपरात आलं होतं की त्यांनी काही होत नाही. "हे तज्ज्ञ म्हणजे घड्याळाचा लंबक," जाड्या म्हणाला. "आपण मात्र मध्ये उभे. आला की डोक्यात बसतो." सगळे हसले, आणि हसता हसता खरेच चिडले. वेड्यांचा बाजार लावलाय, म्हणाले. वाचावं कशाला, म्हणाले.

त्याचा मात्र घास हातातच राहिला होता. डोळ्यांपुढे पिवळा चुरा भरलेली बोटं आली. ते सहन होईना. आणि जे सहन होत नाही त्याचा राग करणं सोपं असतं. संध्याकाळपर्यंत त्याला राग आला होता, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

त्यानं संपादकांना पत्र लिहिलं. तीन वेळा लिहून काढलं. 'तुमच्या पानावर विश्वास ठेवून मी माझ्या वृद्ध सासऱ्यांना अंडं दिलं नाही. त्यांना ते फार आवडे. ते आता नाहीत. आज तुम्ही म्हणता, हरकत नव्हती. मग त्यांचे ते दिवस कोण परत देणार? तुम्ही माफी मागणार का? सामान्य माणसाची ही थट्टा थांबवा.' असं बरंच.

पत्र छापून आलं, तेही चौकटीत, 'सामान्य माणसाची थट्टा थांबवा' या मथळ्याखाली. आणि तो एका दिवसात मोठा माणूस झाला. शेजारी दार वाजवून हात मिळवून गेले. दुकानदारानं पिशवी भरता भरता म्हटलं, "आमच्या मनातलं लिहिलंत." फोरमननं कात्रण कापून जेवणाच्या खोलीतल्या फलकावर लावलं आणि म्हणाला, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझी पाटी कामाची निघाली."

बायकोनं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, उभ्यानंच. एकदा वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. तो टेबलाशी बसून ती काय म्हणते याची वाट बघत होता. खरं सांगायचं तर कौतुकाचीच वाट बघत होता.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" तिनं विचारलं.

"कधी?"

"अप्पांनी दारातून परत फिरून विचारलं तेव्हा. तुम्ही शेजारीच होतात."

तो म्हणाला, "ते मोघम बोलले होते. पेपरात स्पष्ट लिहिलं होतं."

"बरं." तिनं पेपरची घडी घातली. "आणि हात उघडायचा, हे पेपरात कितव्या पानावर आलं होतं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्यालाही चढवता आला असता. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत सगळं तापलं. पेपरनं अंडं नको म्हटलं होतं. करंगळी, अनामिका, मधलं बोट हे त्याचं स्वतःचं होतं. चोरी हा शब्द त्याचा होता. तो कुणी छापला नव्हता, आणि कुठला तज्ज्ञ तो मागे घेणार नव्हता.

मग ती त्याच्यासमोर बसली.

"तुम्हालाच बोलते असं नाही," ती म्हणाली. "मी दारात होते त्या दिवशी. बटाट्यांचं भांडं हातात घेऊन. मी सगळं बघितलं. तुमचे साहेब आलेत, तमाशा नको, म्हणून मी गप्प बसले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी भांडं बघत राहिले." तिनं टेबलावरचं काहीतरी, जे तिथे नव्हतंच, बोटानं पुसलं. "आणि अंडं भांड्यातून उचलताना मी पाहिलं होतं त्यांना. मीच म्हटलं होतं, घ्या पटकन."

दोघंही त्या दिवशी जेवले नाहीत. एकमेकांना समजावलंही नाही. समजावण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी त्यानं पेपरला आणखी एक पत्र लिहिलं. हे चार ओळींचं होतं. 'माझं आधीचं पत्र अर्धं आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. बंदी मी घातली आणि पाहुण्यांसमोर त्या म्हाताऱ्या माणसाचा अपमान मी केला. त्याची जबाबदारी तुमची नाही.' आठवडा गेला, दुसरा गेला, पत्र छापून आलं नाही. त्यानं फोन केला. पलीकडची बाई सभ्यपणे म्हणाली, "काका, हे वैयक्तिक आहे हो. वाचकांना यात काय? तुमचं पहिलं पत्र मात्र फार छान होतं. अजून प्रतिसाद येतायत."

मग एका दुपारी त्यानं जेवणाच्या खोलीतल्या फलकावरचं कात्रण काढलं.

"अरे अरे," जाड्या म्हणाला, "काढतोस कशाला? राहू दे की."

"खोटं आहे ते."

"खोटं कसं? अंडं दिलं नाहीस ना तू?"

तो कात्रण हातात धरून उभाच राहिला. डबे उघडे होते, सगळे बघत होते, फोरमनही होता. "तुम्ही सगळे होतात तिथे," तो म्हणाला. "माझ्या घरी, जेवायला आला होतात तेव्हा. मी त्यांची मूठ उघडली. सगळ्यांसमोर. चोरी म्हणालो त्यांना. ते बेकरीत चाळीस वर्षं होते, आणि मी त्यांना एका अंड्यासाठी चोर म्हणालो."

फोरमननं आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. "बटाट्यांचं काहीतरी होतं," तो शेवटी म्हणाला. "झकास होतं. म्हातारे होते खरे एक, खिडकीपाशी. भट्टीचं सांगत होते."

"मूठ?" जाड्या म्हणाला. "मला नाही बा आठवत."

"तू हसला होतास."

"असेन. मी तर सगळ्यालाच हसतो." जाड्या ओशाळून आपल्या डब्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "जाऊ दे रे आता. झालं गेलं."

त्याला आतापर्यंत वाटत होतं, ते हसणं त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या कानात असेल. कुणाच्याच नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यातली सगळ्यात वाईट दुपार, आणि ती आठवणारी माणसं जगात दोनच उरली होती, ज्यांच्यामुळे ती झाली ती. कात्रण त्यानं घडी करून खिशात घातलं आणि खाली बसून डबा उघडला. कुणीतरी पावसाळ्याआधी करायच्या दोरांच्या तपासणीचा विषय काढला, आणि सगळ्यांनी तो लगेच उचलून धरला.

आरोग्याचं पान अजूनही मंगळवारी येतं. लोक अजूनही वाचतात, चिडतात, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा वाचतात. त्यानं फ्रीजवर काही लावणं सोडलं आहे. कुणी विचारलंच, कॉफी चालते का हो, तुम्ही वाचता ना, तर तो म्हणतो, तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते सांगतील ते पूर्ण ऐका.

पत्राची कीर्ती मात्र लवकर सरली नाही. वर्षभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत, लिफ्टचं दार उघडं धरून तो काम करत असला की कुणीतरी थांबे. "तुम्हीच ना ते अंड्याचं पत्र लिहिणारे? शाब्बास! बरं सुनावलंत."

आधी तो मान खाली घालून पाना फिरवत राही. पण पुढे पुढे तो उठून उभा राहू लागला, हात फडक्याला पुसू लागला. "ते पत्र अर्धंच होतं," तो म्हणे.

बहुतेक लोक "हो का?" म्हणून जिन्यानं निघून जात. त्यांना काम असे. क्वचित कुणी विचारी, "मग उरलेलं काय होतं?" आणि तेव्हा तो सांगे. सगळं सांगे, चोरी या शब्दासकट. ऐकणारा काय म्हणतो यासाठी तो थांबत नसे. पुन्हा गुडघ्यांवर बसून दाराच्या खोबणीतली घाण काढू लागे.